दुर्बीण ७५० मिमीची, कॅमेरा कोणता? सेन्सरवर आकाशाचा किती भाग मावेल, याचे गणित

गिरणाकाठ (भडगाव)

सर्वांना नमस्कार. आमच्या शाळेच्या खगोल मंडळाकडे १५० मिमी व्यासाची आणि ७५० मिमी नाभीय अंतराची (फोकल लेंथची) न्यूटनी, म्हणजे आरशाची, दुर्बीण आहे. बैठक विषुववृत्तीय असून तिला एका अक्षावर मोटर आहे. आजवर मुले नेत्रिकेतूनच पाहत आली. यंदा माजी विद्यार्थ्यांच्या वर्गणीतून कॅमेरा घ्यावा, असे ठरले आहे. मुलांच्या मागण्या अर्थातच मोठ्या आहेत. त्यांना पूर्ण चंद्र एकाच चौकटीत हवा आहे, कृत्तिका हव्या आहेत, मृगातील तेजोमेघ हवा आहे आणि देवयानी दीर्घिकाही हवी आहे.

एका विक्रेत्याने दोन कॅमेरे सुचवले आहेत. पहिल्यात सोनीचा आयएमएक्स ४६२ हा सेन्सर आहे, ज्याचे माप तो "१/२.८ इंच" सांगतो, दुसऱ्यात आयएमएक्स ५८५ आहे, ज्याचे माप "१/१.२ इंच" आहे. दुसऱ्याबद्दल त्याने असे गणित मांडले की, २५.४ ला १.२ ने भागले की कर्ण २१ मिमी येतो, म्हणजे चौकटीत तिरके दीड अंशाहून अधिक आकाश मावेल आणि चंद्र तर सहज मावेल. पैसे देण्यापूर्वी हे गणित स्वतः करून पाहावे, असे वाटते. कोणी पायरीपायरीने सांगेल का? दहावीच्या मुलांना फळ्यावर सोडवून दाखवता येईल, अशा रीतीने सांगितले तर अधिक बरे.

पांझरातीर (धुळे)

सर, आधी त्या इंचांचा निकाल लावू, कारण खरी गफलत तिथेच आहे. सेन्सरच्या नावातील इंच हे सेन्सरचे माप नसतेच. जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांत काचेच्या नळ्या असत आणि त्या नळीच्या बाहेरच्या व्यासावरून तिचे नाव पडे. प्रतिमा जिथे उमटे तो आतला भाग त्याहून बराच लहान असे. नळ्या गेल्या, पण नावे ठेवण्याची पद्धत तशीच राहिली. त्यामुळे १/१.२ इंच म्हणवणाऱ्या सेन्सरचा कर्ण २१ मिमी नसून १३ मिमीच्याही किंचित खाली असतो. विक्रेत्याचा आकडा खऱ्याच्या दीड पटीहूनही अधिक आहे.

तेव्हा इंच विसरावेत आणि माहितीपत्रकातून फक्त दोन गोष्टी उचलाव्यात : पिक्सेलची संख्या आणि एका पिक्सेलचा आकार. आयएमएक्स ५८५ वर आडवे ३८४० आणि उभे २१६० पिक्सेल आहेत आणि प्रत्येक पिक्सेल २.९ मायक्रॉनचा आहे. गुणाकार केला की लांबी ११.१४ मिमी आणि रुंदी ६.२६ मिमी मिळते. आयएमएक्स ४६२ वर पिक्सेल तेवढ्याच आकाराचे, पण १९२० आणि १०८० आहेत. म्हणून तो ५.५७ मिमी लांब आणि ३.१३ मिमी रुंद आहे. या गुणाकाराला कोणाच्या जाहिरातीचा आधार लागत नाही.

आता आकाशाकडे वळू. सेन्सरची एक बाजू मिलिमीटरमध्ये घ्या, तिला दुर्बिणीच्या नाभीय अंतराने भागा आणि उत्तराला ३४३८ ने गुणा. आलेला आकडा कलांमध्ये असतो. साठ कलांचा एक अंश आणि साठ विकलांची एक कला, हे मुलांना ठाऊक असेलच. पूर्ण सूत्र असे आहे की, बाजूच्या निम्म्याला नाभीय अंतराने भागावे, त्याचा व्यस्त स्पर्शक (टॅन इन्व्हर्स) काढावा आणि तो दुप्पट करावा. परंतु दुर्बिणीच्या बाबतीत कोन इतका लहान असतो की दोन्ही उत्तरांतील फरक हाती लागत नाही. हा सोपा मार्ग कुठे फसतो, तेही सांगतो. साध्या कॅमेऱ्याच्या १८ मिमी भिंगाला २२.३ मिमी लांबीचा सेन्सर असेल, तर गुणाकार ७१ अंश सांगतो आणि खरे उत्तर सुमारे ६४ अंश असते. नाभीय अंतर २०० मिमीच्या पुढे असेल, तर निर्धास्तपणे गुणाकारच करावा.

तुमच्या ७५० मिमीवर आयएमएक्स ५८५ ची लांब बाजू ५१ कला आणि आखूड बाजू २८.७ कला येते. चंद्राचा कोनीय व्यास त्याच्या अंतरानुसार २९.४ ते ३३.५ कलांच्या दरम्यान बदलतो. म्हणजे चंद्र पृथ्वीपासून जास्तीत जास्त दूर असतानाही या चौकटीच्या आखूड बाजूत बसणार नाही. वरून किंवा खालून थोडा कापला जाईलच. आयएमएक्स ४६२ मध्ये तर २५.५ गुणिले १४.३ कला एवढीच चौकट मिळते.

गिरणाकाठ

नाना, मनःपूर्वक आभार. पूर्ण चंद्र केवळ एक कलेहूनही कमी अंतराने हुकतो आहे, हे पाहून मुलांनी वर्गात हळहळ व्यक्त केली. एका विद्यार्थिनीने मात्र मला पेचात टाकले. तिने विचारले की, ३४३८ हा आकडा कुठून आला आणि तो नेमका तेवढाच का. कॅल्क्युलेटरवर काढून दाखवता येईल. पण त्यामागे काही सांगण्यासारखे असेल, तर तेही सांगावे, ही विनंती.

पाटणवासी (चाळीसगाव)

सर, हा प्रश्न विचारणाऱ्या मुलीला माझ्याकडून शाबासकी द्या. पूर्ण वर्तुळात ३६० अंश, म्हणजे २१,६०० कला असतात. परिघ २१,६०० मानला, तर त्रिज्या किती? २१,६०० ला दोन पायने भागले की ३४३७.७५ येतात, म्हणजे जवळपास ३४३८. सेन्सरची बाजू हा चाप समजा आणि नाभीय अंतर ही त्रिज्या समजा; त्रिज्या ३४३८ असताना चाप किती कलांचा होईल, एवढेच त्रैराशिक या सूत्रात आहे.

हा आकडा आपल्याकडे परका नाही. आर्यभटाने इ.स. ४९९ च्या सुमारास 'ज्या'ची, म्हणजे आजच्या साइनची, जी सारणी दिली, ती याच त्रिज्येवर बेतलेली आहे आणि भास्कराचार्यांच्या ११५० च्या सिद्धांतशिरोमणीतही ३४३८ हीच त्रिज्या येते. आमच्या चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे. तो लेख तेराव्या शतकाच्या अगदी आरंभीचा असून डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात विद्वानांसमोर आणला. पाटणादेवीला शाळेची सहल येतेच. तेव्हा मुलांना हा आकडाही आठवू द्यावा.

नानांनी लहान कोनाबद्दल जे सांगितले, तेही त्याच ज्यासारणीत दिसते. सारणीत पाव वर्तुळाचे चोवीस भाग केलेले आहेत, म्हणून पहिला भाग ३ अंश ४५ कलांचा, म्हणजे २२५ कलांचा होतो आणि त्याची ज्याही २२५ च दिलेली आहे. चाप आणि ज्या यांच्यात पूर्णांकापुरता फरकच पडत नाही. दुसऱ्या पायरीला चाप ४५० होतो आणि ज्या ४४९ होते. फरक तिथून दिसू लागतो. तुमच्या दुर्बिणीची सगळी चौकट पहिल्या पायरीच्याही आत मावते, त्यामुळे गुणाकारावर भरवसा ठेवायला काहीच हरकत नाही.

केळीबाग (रावेर)

पाटणवासी ताईंचा प्रतिसाद वाचून आनंद झाला. मी थोडा वेगळा मुद्दा मांडतो. सूत्रात ७५० हा आकडा आपण डोळे मिटून घालतो आहोत, पण तो दुर्बिणीच्या नळीवर चिकटवलेल्या पट्टीवरचा आहे. आरसा घासताना नाभीय अंतर थोडे इकडेतिकडे होते. शिवाय मध्ये बार्लो (नाभीय अंतर वाढवणारे भिंग), कोमा करेक्टर (कडेचे तारे रेखीव करणारे भिंग) किंवा रिड्यूसर (नाभीय अंतर कमी करणारे भिंग) लावला, की प्रत्यक्ष नाभीय अंतर आणखी बदलते. बार्लोचे तर असे आहे की, त्याच्या भिंगापासून सेन्सर जितका मागे, तितके वर्धन अधिक. आणि नेत्रिकेपेक्षा कॅमेरा बहुधा मागेच बसतो. म्हणून "२ पट" लिहिलेला बार्लो कॅमेऱ्यासोबत दोन पटच वागेल, याची खात्री नसते.

यावर उपाय म्हणजे चौकट प्रत्यक्ष मोजणे, आणि त्यासाठी मोबाइलमधील स्टॉपवॉच पुरते. मृगाच्या बाणातील तीन ताऱ्यांपैकी जो सर्वांत आधी उगवतो, तो खगोलीय विषुववृत्ताला जवळजवळ चिकटून आहे. तो दुर्बिणीत धरावा, मोटर बंद करावी आणि तारा पडद्यावर कोणत्या दिशेने सरकतो ते पाहावे. मग कॅमेरा फोकसरमध्ये (नेत्रिका किंवा कॅमेरा बसतो त्या सरकत्या नळीत) हळूहळू फिरवावा, जोवर तारा चौकटीच्या लांब बाजूला अगदी समांतर जात नाही. हे जमले की तारा पूर्वेकडच्या कडेबाहेर न्यावा आणि आत शिरल्यापासून दुसऱ्या कडेला नाहीसा होईपर्यंतचा वेळ घ्यावा. पृथ्वीच्या फिरण्यामुळे तो दर सेकंदाला १५.०४ विकला सरकतो, म्हणजे मिनिटाला १५.०४ कला. तुमच्या दुर्बिणीत आयएमएक्स ५८५ वर त्याला ३ मिनिटे २४ सेकंद लागायला हवेत. जास्त लागले, तर नाभीय अंतर ७५० पेक्षा कमी आहे असे समजावे.

माझ्याकडे तुमच्यासारखीच दुर्बीण आणि हाच सेन्सर आहे. २ पट बार्लो लावला, तेव्हा तारा १०२ सेकंदांत पार होणे अपेक्षित होते. तो ९२ सेकंदांतच गेला. ९२ सेकंद म्हणजे २३.०६ कला. ३४३८ ला ११.१४ ने गुणून २३.०६ ने भागले की प्रत्यक्ष नाभीय अंतर १६६१ मिमी येते. बार्लो दोन पट नव्हे, २.२ पट काम करतो आहे. दुसरा तारा घ्यायचा असेल, तर त्याच्या क्रांतीच्या, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनच्या कोनाच्या, कोज्येने (कोसाइनने) वेग गुणावा लागतो. कृत्तिकांची क्रांती २४ अंश उत्तर आहे, म्हणून तिथे बार्लोशिवायची चौकट ओलांडायला ३ मिनिटे ४३ सेकंद लागतील.

सातपुडा (शहादा)

स्टॉपवॉचची रीत मुलांना शिकवायला फारच चांगली आहे आणि तिला विरोध नाही. पण ज्यांना घाई आहे, त्यांच्यासाठी सांगतो. ताऱ्यांचा कोणताही बरा फोटो अ‍ॅस्ट्रोमेट्री डॉट नेटवर चढवला, तर चौकट किती अंशांची आहे आणि प्रत्येक पिक्सेल किती विकलांचा आहे, हे तिथे आपोआप मिळते. खरेदीपूर्वी स्टेलॅरियममध्ये दुर्बीण आणि सेन्सरची मापे भरून ठेवली, तर देवयानीवर किंवा कृत्तिकांवर लाल चौकट ठेवून पाहता येते. मात्र तिथे इंच न भरता पिक्सेलची संख्या आणि मिमीच भरावेत, हे नानांनी सांगितलेच आहे.

एक भर घालतो. चौकट किती मोठी, हा अर्धा प्रश्न झाला. त्या चौकटीत बारकावा किती, हा उरलेला अर्धा. पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये घ्यावा, २०६.२६५ ने गुणावा आणि नाभीय अंतराने भागावा. २.९ मायक्रॉन आणि ७५० मिमी धरले, तर एका पिक्सेलवर ०.८ विकला आकाश पडते. गुरू पृथ्वीच्या जवळ येतो तेव्हा त्याचा व्यास ४४ ते ५० विकला असतो, म्हणजे तो जेमतेम साठ पिक्सेल रुंद दिसेल. ग्रहांसाठी बार्लो लागतो तो यासाठी. ग्रहांच्या वेळी चौकट मोठी असण्याचा काही उपयोगही नसतो. उलट सेन्सरचा मधला ६४० गुणिले ४८० पिक्सेलचा तुकडाच वापरला, तर सेकंदाला कितीतरी अधिक चित्रे घेता येतात. तेवढ्या तुकड्यात बार्लोशिवाय ८.५ गुणिले ६.४ कला आकाश येते. बिनिंगचे तसे नाही. चार पिक्सेल मिळून एक झाला, तरी सेन्सर तेवढाच राहतो आणि चौकटही तेवढीच राहते.

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये दिवसभर तापलेल्या स्लॅबवर दुर्बीण मांडली, तर ०.८ विकलांचा बारकावा कागदावरच राहतो, कारण तापलेल्या गच्चीवरून उठणारी हवा तारा त्याहून कितीतरी अधिक थरथरवते. त्या दिवसांत जुन्या मातीच्या धाब्यावर किंवा सरळ शेतातल्या मोकळ्या जमिनीवर बसलेले बरे.

गिरणाकाठ

सर्वांचे प्रतिसाद छापून वर्गात लावले आहेत. यादरम्यान दोन नवे पर्याय समोर आले. एक म्हणजे आयएमएक्स ५३३ या चौरस सेन्सरचा कॅमेरा. पण तो आमच्या वर्गणीच्या बाहेर जातो. दुसरा पर्याय अनपेक्षित आहे. गावातील लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याने त्याचा जुना कॅनन डीएसएलआर शाळेला द्यायची तयारी दाखवली आहे. सोबत २०० मिमी भिंगही आहे. त्याचा सेन्सर २२.३ गुणिले १४.९ मिमीचा आहे. मुलांनी लगेच फळ्यावर गणित मांडले आणि ७५० मिमीवर १०२ गुणिले ६८ कला असे उत्तर काढले. मग प्रश्न असा की, आम्ही नवा कॅमेरा घ्यावाच का?

पांझरातीर

मुलांचे उत्तर बरोबर आहे. आता त्याच चौकटीत तुमची यादी ठेवून पाहा. चंद्र अगदी आरामात मावतो आणि आजूबाजूला मोकळी जागा राहते. मृगातील तेजोमेघाचा विस्तार सुमारे ८५ गुणिले ६० कला आहे. तोही मावतो, मात्र कॅमेरा फिरवून तेजोमेघाची लांबी चौकटीच्या लांबीशी जुळवावी लागेल. नाहीतर ८५ कला ६८ मध्ये कशा बसणार? कृत्तिकांचे ठळक तारे साधारण एका अंशात आहेत, म्हणून ते येतील. सगळा गुच्छ ११० कलांचा आहे, त्याची कडेची पिले बाहेर राहतील.

देवयानीचा मात्र हट्ट धरू नका. तिचा विस्तार सुमारे १९० गुणिले ६० कला आहे. ३६ गुणिले २४ मिमीचा मोठा सेन्सर आणला, तरी ७५० मिमीवर १६५ कलाच मिळतात, तेव्हा पैसे टाकूनही हा प्रश्न सुटत नाही. तो नाभीय अंतर कमी करूनच सुटतो. तुमच्याकडचे २०० मिमी भिंग त्याच डीएसएलआरला लावून कॅमेरा दुर्बिणीच्या पाठीवर बांधला, तर ६.४ गुणिले ४.३ अंशांची चौकट मिळेल आणि देवयानी तिच्या दोन्ही सोबती दीर्घिकांसह मध्यभागी येईल. बैठकीची मोटर तिथे कामी येईल. दुर्बिणीतूनच हवी असेल, तर लांबीच्या दिशेने दोन चौकटी घेऊन जोडाव्या लागतील. पंधरा टक्के भाग दोन्हींत समान ठेवला, तर १८९ कला भरतात.

माझे मत विचाराल, तर यंदा कॅमेऱ्यावर वर्गणी खर्च करू नये. डीएसएलआर घ्यावा, टी-रिंग (कॅमेरा दुर्बिणीला जोडणारी कडी) घ्यावी आणि उरलेले पैसे बैठकीसाठी राखून ठेवावेत.

सातपुडा

नानांशी बहुतांशी सहमत आहे, पण ग्रहांचा विषय त्यांनी सोडून दिला. शनीची कडी आणि गुरूचे पट्टे मुलांना सर्वांत जास्त भुलवतात आणि त्या कामाला लहान सेन्सरचा, वेगाने चित्रे घेणारा कॅमेराच बरा. आयएमएक्स ४६२ चा कॅमेरा तुलनेने स्वस्त आहे. पूर्ण चंद्र आणि तेजोमेघ डीएसएलआरकडे, ग्रह त्या छोट्या कॅमेऱ्याकडे, अशी वाटणी केली, तर महागडा ५८५ घेण्याची गरज उरत नाही.

केळीबाग

टी-रिंग मागवण्यापूर्वी एक गोष्ट तपासावी. नेत्रिकेसाठी बनवलेल्या पुष्कळ न्यूटनी दुर्बिणींत डीएसएलआर फोकस होत नाही, कारण त्याचा सेन्सर शरीराच्या आत खोल असतो. कॅननमध्ये तो तोंडापासून ४४ मिमी आत आहे आणि टी-रिंग धरून हे अंतर ५५ मिमी होते. म्हणजे फोकसर पूर्ण आत दाबल्यावरही प्रतिमा त्याच्या तोंडापासून निदान ५५ मिमी बाहेर, आणि टी-रिंगच्या पुढे नळी लागणार असेल तर तिच्या जाडीइतकी आणखी बाहेर, पडायला हवी.

हे पैसे न खर्चता पाहता येते. पौर्णिमेच्या आसपास चंद्रावर दुर्बीण रोखावी, नेत्रिका काढावी आणि फोकसर पूर्ण आत घ्यावा. तोंडासमोर बटर पेपर धरून तो पुढेमागे करावा; एका जागी चंद्राची रेखीव प्रतिमा उमटते. त्या जागेपासून फोकसरच्या तोंडापर्यंतचे अंतर पट्टीने मोजावे. मुलांना आणखी एक काम द्यावे : कागदावर उमटलेल्या चंद्राच्या कडांवर पेन्सिलीने खुणा करून व्यास मोजायला सांगावा. ३१ कलांचा चंद्र असेल, तर ७५० मिमीवर प्रतिमा ६.८ मिमीची पडते. हाच आकडा १४.९ मिमीच्या सेन्सरच्या आत किती मोकळी जागा सोडतो आणि ६.२६ मिमीच्या सेन्सरमधून किती बाहेर जातो, हे सूत्राशिवाय डोळ्यांनी दिसते.

गिरणाकाठ

काल सायंकाळी बटर पेपर धरून पाहिले. फोकसर पूर्ण आत असताना प्रतिमा तोंडापासून ३८ मिमीवर पडते, म्हणजे ५५ मिमीला अजून १७ मिमी कमी पडतात. चंद्राचा व्यास मुलांनी ७ मिमी मोजला. आता आरसा नळीत वर सरकवणे आणि कमी उंचीचा फोकसर बसवणे, या दोन्हींपैकी कोणता मार्ग शाळेत जमण्यासारखा आहे?

केळीबाग

सर, दुर्बिणीला हात लावण्यापूर्वी बार्लो आहे का ते पाहा. काही बार्लोंचे भिंग खालच्या बाजूने उघडून निघते आणि बार्लो लावला की प्रतिमा बाहेर सरकते, त्यामुळे डीएसएलआर फोकस होतो. पण मग नाभीय अंतर दुप्पट होऊन चौकट ५१ गुणिले ३४ कलांवर येते. चंद्र तेवढ्यातही मावतो, तेजोमेघ मावत नाही. आरसा सरकवायचा असेल, तर त्याच्या घराच्या स्क्रूंची छिद्रे नळीत सुमारे २० मिमी वर नव्याने पाडून घ्यावीत. १७ मिमीची तूट भरून थोडी जागा हाताशी राहते. मात्र त्यानंतर नेत्रिका वापरताना तिला तेवढीच बाहेर ओढणारी जोडनळी लागेल, ती आधीच मागवून ठेवा. नव्या फोकसरचा खर्च वर्गणीला झेपणार नाही, असे वाटते. आरशाला बोट लागू नये म्हणून हे काम मुलांसमोर करू नये. मात्र आरसा पुन्हा जुळवण्याचे काम मुलांकडूनच करून घ्यावे.